सुनेची ट्रेड टेस्ट

सून दुपारी वरच्या खोलीत दार लोटून काय करते, हे मला लाईट गेल्यामुळे कळलं. आमचं घर चिखलीला. खाली माझं लेथचं शेड, वर राहायच्या तीन खोल्या. लाईट गेली की मी मशीन सोडून वर जातो, पाणी पितो आणि वीजवाल्यांना दोन शब्द बोलून खाली येतो. त्या दिवशी वर गेलो तर सून लॅपटॉपसमोर बसलेली. पडद्यावर इंग्रजी ओळी आणि खाली एक लाल पट्टी. तिचं सगळं लक्ष त्या पट्टीवर. मी आलेलंही तिला कळलं नाही.

"गेम खेळती का गं?" मी विचारलं.

ती दचकली. "नाही मामा. गणितं सोडवते." आमच्या बीडकडं सासऱ्याला मामाच म्हणतात.

"कुणी घातली गणितं?"

"एक साईट आहे. रोज नवं गणित घालते. आपण प्रोग्रॅम लिहून पाठवायचा, ते तपासतात."

"आणि बरोबर आलं तर काय देतात?"

"हिरवी पट्टी."

"आणि?"

"आणि काही नाही."

मी पाणी प्यालो. काही न मिळणाऱ्या कामाला दार लोटून बसणारं माणूस मी तोवर पाहिलेलं नव्हतं. लाईट आली आणि मी खाली गेलो, पण ते डोक्यातून जाईना.

हे लिहिणारा माणूस चौथी शिकलेला आहे. शुद्धलेखन मुलाकडून तपासून घेतलंय, मजकुराला हात लावू दिलेला नाही. त्यानं दोन ठिकाणी "आण्णा, हे असं नाही म्हणत" म्हणून बघितलं. मी म्हणालो, मी असंच म्हणतो.

तर सून. लातूरकडची पोर. कॉम्प्युटरची डिग्री घेतलेली, लग्नाआधी वर्षभर कंपनीत नोकरी केलेली. मग लग्न झालं, माझी नात झाली, नोकरी सुटली. नात बालवाडीत जायला लागली तशी ही परत अर्ज करायला लागली. अर्जाला उत्तरं येत नव्हती, आणि एखादा फोन आलाच तर पहिला प्रश्न एकच. मधली वर्षं काय करत होता? मूल वाढवत होते, असं ती सांगायची. समोरचा बरं म्हणायचा आणि पुन्हा फोन करायचा नाही. मी एकदा जिन्यात उभा राहून असा एक फोन ऐकला. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ गॅसचा ओटा पुसत होती. ओटा स्वच्छच होता.

मग एके दिवशी जेवताना तिनंच सांगितलं. एका कंपनीनं साईटवर स्पर्धा ठेवली होती. दोन तास, चार गणितं, हजारो पोरं एकाच वेळी बसणार. वरच्या नंबरांना थेट मुलाखत. आणि नाव नोंदवताना मधल्या वर्षांचं काही विचारलेलंच नव्हतं.

"म्हणजे तू कोण, कुठली, घरी किती वर्षं बसलीस, काही नाही?" मी विचारलं.

"काही नाही. फक्त प्रोग्रॅम चालतो का, एवढंच."

माझा घास हातातच राहिला. कारण ही गोष्ट मला माहीत होती. मी पिंपरीला आलो तेव्हा लेथवर हात बसलेला होता, पण माझ्याजवळ आयटीआयचा कागद नव्हता. गेटवरचा माणूस म्हणाला, कागद नाही तर परत जा. मी गेलो नाही, उभाच राहिलो. शेवटी आतून एक फोरमन आला, मला लेथवर नेलं, एक ड्रॉइंग समोर ठेवलं आणि म्हणाला, हा जॉब काढ. त्याला ट्रेड टेस्ट म्हणत. मी ड्रॉइंगप्रमाणे लोखंड कातून जॉब काढला, त्यानं माप घेतलं आणि मी कामाला लागलो. जॉबला कुणी विचारत नाही, तुला काढणारा किती शिकलाय. त्या एका टेस्टवर मी पुढं दहा-बारा वर्षं नोकरी केली, मग ती सोडून हे शेड घातलं.

"ही ट्रेड टेस्टच झाली की," मी म्हणालो.

मुलगा चाकणला कंपनीत आहे, शिफ्टमध्ये. तो म्हणाला, "आण्णा, तसं नसतं ते."

"तसंच असतं," मी म्हणालो. "तू बसला नाहीस, तुला काय माहीत."

सून खाली बघून हसली. त्या दिवसापासून मी दुपारी मशीन बंद करून तिच्या शेजारी खुर्ची टाकायला लागलो. तिला ते सुरुवातीला आवडलं नसणार. पण तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

रंग मी लवकर शिकलो. हिरवं म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट. एक तिसरा प्रकार होता, त्यात उत्तर बरोबर पण प्रोग्रॅमला वेळ जास्त लागला म्हणून नापास. तो तर मला शिकवावाच लागला नाही. कंपनीत जॉब मापात असला आणि वेळेत बसला नाही की सुपरवायझर हेच म्हणायचा. आणखी एक खोड होती त्या साईटची. दोन-तीन उदाहरणं दाखवायची, आपला प्रोग्रॅम त्यावर बरोबर चालायचा, आणि पाठवला की न दाखवलेल्या उदाहरणांवर आपटायचा.

"ही लबाडी आहे," मी म्हणालो.

"लबाडी नाही मामा. दाखवलेलं सगळ्यांनाच येतं."

गणितं ती मला मराठीत सांगायची. त्यातलं एक टेम्पोचं होतं. टेम्पोत अमुक वजन मावतं, खोकी वेगवेगळ्या वजनांची, कमीत कमी किती फेऱ्या लागतील? मी म्हणालो, हे मला सांगू नको, मी आयुष्यभर टेम्पो भरलेत. सगळ्यात जड खोकं आधी टाकायचं, मग त्याच्याखालचं, मग राहिलेल्या जागेत बसेल ते. ती म्हणाली, तसं चालणार नाही. मी म्हणालो, चालेल. ती म्हणाली, नाही चालणार. मी म्हणालो, लिही तू. तिनं लिहिलं. दाखवलेल्या उदाहरणांवर बरोबर आलं. मी खुर्चीत ताठ झालो. मग तिनं पाठवलं आणि लाल पट्टी आली.

"साईट बिघडली असेल," मी म्हणालो.

तिनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी खाली शेडमध्ये आली, माझा खडू घेतला आणि फरशीवर आकडे मांडले. टेम्पो दहाचा. खोकी पाच, चार, तीन, तीन, तीन आणि दोन. "भरा तुमच्या पद्धतीनं," म्हणाली. मी पाच आणि चार एका टेम्पोत टाकले. दुसऱ्यात तीन, तीन, तीन. दोन उरला. त्या दोनाच्या एका खोक्यासाठी तिसरी फेरी. मग तिनं भरलं. पाच, तीन, दोन. चार, तीन, तीन. दोन फेऱ्यांत काम झालं.

मी फरशीवरचे आकडे पुन्हा मोजले. मग म्हणालो, "खऱ्या टेम्पोत ड्रायव्हर तसं भरू देत नाही."

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि खडू जागेवर ठेवून वर गेली. तिचं मला हे आवडतं. जिंकल्यावर थांबत नाही.

स्पर्धा जवळ आली तेव्हा बसायचं कुठं हा विषय निघाला. नियम कडक होते. कॅमेरा चालू, माईक चालू, खोलीत दुसरं माणूस नको. बाहेरचा आवाज फार झाला तर पडद्यावर इशारा, आणि तीन इशारे झाले की पेपर बंद. मुलाचा एक मित्र तळेगावला राहतो. त्याचा फ्लॅट रिकामा असायचा आणि तो किल्ली द्यायला तयार होता.

"तळेगावला कशाला?" मी म्हणालो. "स्वतःचं घर असताना पोरगी लोकांच्या घरात बसून परीक्षा देणार?"

"आण्णा, आपल्या शेजारी प्रेस आहे," मुलगा म्हणाला.

आमच्या शेडला लागून पॉवर प्रेसचं शेड आहे. पत्रा दाबून ब्रॅकेट काढतात. प्रेस चालू असली की आमच्या ताटातलं वरणसुद्धा हलतं.

"तेव्हा नसते चालू," मी म्हणालो. "मी सांगतो ना. इथंच बसेल ती. तुझ्या मित्राला सांग, नको म्हणून."

मुलगा सेकंड शिफ्टला निघाला होता, त्याला वेळ नव्हता. त्याला वाटलं, आण्णा एवढं ठामपणे सांगतायत म्हणजे काहीतरी बंदोबस्त केला असेल. त्यानं मित्राला नको सांगितलं. मित्रानं गावाकडच्या पाहुण्यांना फ्लॅट देऊन टाकला.

आता मी कशाच्या जोरावर बोलत होतो ते सांगतो. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. फार वर्षांपासून आहे, विजेचा भार वाटला जावा म्हणून. गुरुवारी गल्ली एकदम शांत. मी चाळीसएक वर्षं गुरुवारी सुट्टी घेतोय. माझं लग्न गुरुवारी लागलं, मुलीचा साखरपुडा गुरुवारी झाला, पाहुणे गुरुवारी येतात. परीक्षा म्हटली की ती सुट्टीच्याच दिवशी असणार, एवढं मला कळत होतं. वार कुठला, हे मी विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात?

दोन दिवसांनी सून भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करत होती. गोल रविवारवर.

"हे काय आहे रविवारी?" मी विचारलं.

"स्पर्धा."

"रविवारी? कामाच्या दिवशी?"

ती माझ्याकडं बघायला लागली. तिच्या माहेरी रविवारी सुट्टी. जगात सगळीकडं रविवारी सुट्टी. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तिच्या लक्षात आलं आणि तिच्या हातातला पेन खाली आला.

"मामा, तुम्ही गुरुवार धरला होता?"

"त्यांना लिहून सांग," मी म्हणालो. "गुरुवारी घ्या म्हणावं. आमच्याकडं रविवारी मशीनं चालू असतात."

"सगळा देश एकदम बसतो हो त्याला."

"तळेगावचं बघतो मग."

"तिथं पाहुणे आलेत," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "राहू दे. पुढं एखादी येईल." आणि स्वयंपाकघरात गेली.

बायको तिथंच भाजी निवडत होती. "कासारवाडीला माझ्या बहिणीकडं बसव," म्हणाली.

"तिच्या खिडकीखालून रेल्वे जाते."

"मग जा शेजारी," बायको म्हणाली. "तोंड आहे ना तुम्हाला?"

शेजारी जायचं म्हणजे काय, हे तिला चांगलं माहीत होतं. तो प्रेसवाला चिखलीतलाच, जुन्या घरातला. पोरगा होता तेव्हा माझ्याकडं हेल्पर म्हणून लागला. लेथ धरायला मी शिकवलं. आणि ऐन दिवाळीच्या ऑर्डरीत, अर्धा झालेला जॉब मशीनवर चकात तसाच ठेवून, काही न सांगता निघून गेला, आणि पुढच्या महिन्यात भिंतीला भिंत लावून स्वतःची प्रेस टाकली. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. त्यात माझी काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. सांगून जायचं होतं. एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

संध्याकाळी गेलो. तो स्टुलावर बसून चहा पीत होता. मला दारात बघून उठला, मग उठलो कशाला असं वाटून परत बसला.

"या मिस्त्री," म्हणाला. "वाट चुकलात व्हय?"

"रविवारी सकाळी दहा ते बारा प्रेस बंद ठेवायची," मी म्हणालो.

"का वं? रविवारी काय हाय?"

"सुनेची परीक्षा आहे. घरातूनच, कॉम्प्युटरवर. आवाज चालत नाही."

त्यानं चहा संपवला. "रविवारी बारा वाजता चाकणची गाडी येती माझी. सोमवारच्या पहिल्या शिफ्टला त्यांना ब्रॅकेट लागत्यात. दोन तास बंद ठेवली तर गाडी अर्धी जाईल. न्हाई जमायचं."

"आधी काढून ठेव."

"कवा काढू? रोज शिफ्ट भरून चालू हाय."

"गुरुवारी काढ."

तो हसला. "गुरुवारी माझं एक बी माणूस कामाला येत न्हाई. तुमच्याकडंच शिकलोय, गुरुवारी मशीनला हात लावायचा न्हाई."

"मी येतो," मी म्हणालो.

तो हसायचा थांबला.

"तू प्रेस चालव. मी बर काढतो, क्रेट भरतो." पत्रा दाबला की ब्रॅकेटच्या कडेला बारीक धार राहते, तिला बर म्हणतात. ती कानशीनं काढावी लागते. हेल्परचं काम आहे ते.

"तुम्ही," तो म्हणाला. "माझ्याकडं."

"ऐकू आलं नाही का तुला?"

"आलं की. पुन्हा एकदा ऐकावं वाटलं," तो म्हणाला. "या मग. डबा घेऊन या, जेवायची सुट्टी अर्धाच तास हाय."

गुरुवारी दुरुस्तीसाठी दुपारपर्यंत लाईट नव्हती. आम्ही दोघं त्याच्या शेडच्या दारात बसून राहिलो. त्याची बायको येऊन आम्हाला बघून गेली, पुन्हा आली, पुन्हा बघून गेली. एक वाजता लाईट आली आणि त्यानं प्रेस सुरू केली. मी कानस घेऊन स्टुलावर बसलो. माझा हात लेथचा, पण कानस विसरलेली नव्हती. थोड्या वेळानं तो माझ्याजवळ आला, क्रेटमधला एक ब्रॅकेट उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्यासमोर ठेवला.

"ही धार ऱ्हायलीय, मिस्त्री. परत."

मी घेतला आणि पुन्हा घासला. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण रविवार अजून यायचा होता. संध्याकाळपर्यंत त्यानं असे कितीतरी परत केले. त्यातले काही खरोखर खराब होते. बाकीचे त्यानं मजेखातर परत केले, हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यालाही कळत होतं. दिवेलागणीला शेवटची क्रेट भरली. माझी बोटं वळत नव्हती. त्याच्या बायकोनं चहा दिला. मी कप धरलेला पाहून त्यानं माझ्या हातातून तो घेतला, खाली स्टुलावर ठेवला आणि म्हणाला, "निवू द्या जरा." चहा गरम नव्हता फारसा.

घरी आलो तर सून दारात. तिला बायकोनं सांगितलं असणार.

"मामा, एवढं कशाला?"

"तू बस अभ्यासाला," मी म्हणालो. "पुढं एखादी येईल वगैरे परत म्हणू नको."

रविवारी सकाळी बायको नातीला घेऊन कासारवाडीला गेली. मुलगा फर्स्ट शिफ्टला. सून वर गेली, दार लावलं. मी माझं मशीन बंद केलं आणि रस्त्यावर खुर्ची टाकून बसलो. प्रेस बंद. प्रेसवालाही त्याचं स्टूल घेऊन बाहेर आला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसला.

"किती गणितं असत्यात?" त्यानं विचारलं.

"चार."

"दोन तासात चारच?"

"तू एक सोडवून दाखव."

"मला कशाला. माझी पोरगी हाय कॉलेजला. तिला विचारतो, असलं काय येतं का तिला."

भंगारवाला आला. त्याच्या हातगाडीवर कर्णा, त्यात रेकॉर्ड केलेलं, जुनं लोखंड, जुना पंखा, जुनी बॅटरी. मी हात वर केला. तो थांबला, त्याला वाटलं माल आहे. मी म्हणालो, कर्णा बंद कर. तो म्हणाला, का? प्रेसवाला म्हणाला, "परीक्षा हाय. पुढच्या गल्लीत जाऊन बोंबल." तो गेला, बडबडत.

मग तिसऱ्या शेडमध्ये ग्राइंडर सुरू झाला. लोखंडाला लागला की कानात सुई गेल्यासारखा आवाज. मी उठेपर्यंत प्रेसवाला पळत गेलासुद्धा. त्या वयात तो तसा पळेल असं मला वाटलं नव्हतं. तिकडं काहीतरी बोलाचाली झाली, ग्राइंडर थांबला. तो घाम पुसत परत आला.

"काय सांगितलं त्याला?"

"सांगितलं, मिस्त्रीची सून कलेक्टरची परीक्षा देतीया."

"कलेक्टरची नाही रे."

"असू दे. कॉम्प्युटरचं सांगून थांबला नसता त्यो."

मला हसू आलं. मी ते दाबलं, पण त्यानं पाहिलं. मग आम्ही बोललो थोडं. पाऊसपाणी नाही, धंद्याचंच. चाकणवाले आता किती बारीक माप मागतात, नवीन पोरं शिकायला येत नाहीत, मोबाईल घेऊन डिलिव्हरीला जातात. दिवाळीच्या ऑर्डरीचं त्यानं काढलं नाही. मीही नाही.

बाराला थोडं कमी असताना चाकणची गाडी आली. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात नेला आणि आम्ही दोघंही एकदम उठलो. त्यानं आमची तोंडं बघितली आणि हात काढून घेतला. क्रेट सगळ्या भरलेल्या होत्या.

सून खाली आली तेव्हा माल चढत होता. तिचे डोळे लाल झालेले, केस विस्कटलेले. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसली.

"तीन हिरवी," म्हणाली. "चौथ्याला वेळ पुरला नाही. अर्धंच झालं."

"इशारा आला का?"

"एक आला. ग्राइंडरचा."

प्रेसवाला पुढं झाला. "म्हंजी पास का नापास, ताई?"

"नंबर बघावा लागेल, काका. बाकीच्यांचं कसं झालंय त्यावर आहे."

"मग त्यांचं वाईट झालं असंल," तो म्हणाला, आणि क्रेट मोजायला गेला.

नंबर संध्याकाळी लागले. मुलगा शिफ्टवरून येऊन बसला होता. सुनेनं यादी खाली खाली सरकवली. पहिल्या पानावर नव्हतं, दुसऱ्यावर नव्हतं. माझ्या तोंडात शब्द तयार होते, वरच्या लोकांनी लबाडी केली असणार. मग ती थांबली. तिचं नाव होतं. पहिल्या पानापासून लांब, पण तिनं मुलाकडं पाहिलं आणि मुलगा म्हणाला, "एवढ्यांना बोलावतात."

"नक्की?" मी विचारलं.

"मागच्या वेळी याच्याखाली पण बोलावलं होतं."

बोलावणं यायला आठवडा गेला. त्या आठवड्यात ती रोज दुपारी बसली, गणितं सोडवत राहिली. मी म्हणालो, स्पर्धा झाली, आता कशाला? ती म्हणाली, चौथं गणित का अडलं ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. आणि एका दुपारी ती खाली शेडमध्ये आली. मशीन चालू होतं, तिचं बोलणं ऐकू येईना, म्हणून तिनं फोनच माझ्यासमोर धरला. इंग्रजी मजकूर मला काय कळणार. तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि कळलं. मी मशीन बंद केलं, चष्मा काढून पुसला. "जॉब खराब करशील माझा," म्हणालो.

मुलाखतीला कंपनी चाकणच्या बाजूला होती. मी तिला स्कूटरवर सोडलं. मुलगा रजा टाकतो म्हणत होता. मी म्हणालो, रजा टाकायला काय लग्न आहे? गेटसमोर चहाच्या टपरीवर बसून राहिलो. चारचा चहा झाला तेव्हा ती बाहेर आली.

"मधल्या वर्षांचं विचारलं का?" मी आधी तेच विचारलं.

"विचारलं."

"मग?"

"सांगितलं, मुलगी वाढवली. आणि दुपारी गणितं सोडवली. तर ते साहेब म्हणाले, ते दिसतंय आम्हाला. साईटवर माझं रोजचं सगळं असतं ना. मग चौथ्या गणिताचं विचारलं, का सोडलं म्हणून. मी म्हणाले, सोडलं नाही, नंतर पूर्ण केलं. फळ्यावर करून दाखवलं."

"जमलं?"

"एकदा चुकलं. पुसून परत केलं."

"चहा घे," मी म्हणालो.

महिन्याभरानं ती कामावर रुजू झाली. सकाळी कंपनीची बस आमच्या कोपऱ्यावर थांबते. पहिल्या दिवशी मी सहज म्हणून कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथं फर्स्ट शिफ्टची माणसं, निळे शर्ट, डब्याच्या पिशव्या. त्यांच्यात ती, गळ्यात नवं कार्ड. कार्डाची दोरी सारखी सरळ करत होती. मी लांब टेम्पोच्या आडोशाला उभा होतो, म्हणजे तिला वाटू नये सासरा पोचवायला आलाय.

बस आली. माणसं चढली. ती चढताना वळली आणि थेट माझ्याकडं बघून ओरडली, "मामा, साडेबाराला बालवाडी सुटते. उशीर केलात तर तिथल्या बाई ओरडतात आणि पोरगी रडत बसते."

सगळी बस माझ्याकडं बघायला लागली.

"माहीत आहे मला," मी म्हणालो, "तू जा."